ताईच्या नावानं वाचलं ते

“अकरावीचं पुस्तक उघडायला हात दुखत होते तुझे, आणि ही वीट सकाळपासून छातीवर घेऊन लोळतोयस! ऊठ आधी!”

“वीट नाही. पहिला भाग आहे,” मी म्हणलं. “अजून असे बरेच आहेत.”

“बरेच आहेत म्हणे. खालच्या पांडेंचा बबलू बघ. तुझ्याच वयाचा आहे, दुकान सांभाळतो.”

“मग घे ना त्याला दत्तक. मी जातो पांडेंकडं. त्यांच्याकडं रोज पनीर असतं.”

आईच्या हातात मेथीची जुडी होती. बोलताना ती जुडी माझ्या तोंडासमोर हलवायची आणि माती माझ्या पांघरुणावर पडायची. मी ती चिमटीनं उचलून थोडी थोडी करून जमिनीवर टाकत होतो. तिला आणखी चीड यावी म्हणून.

“विशू, पुरे,” ताई म्हणाली. ती कोपऱ्यात बसली होती. वहीतून डोकं वर न काढताच बोलली. “आई, राहू दे गं. घाटावर कुणाचं डोकं फोडण्यापेक्षा वाचतोय ते बरं.”

“तू त्याची बाजू घेऊ नकोस. तू अभ्यास कर.”

“तेच करतेय. तुम्ही दोघं करू देत नाही.”

त्यावर आई मेथी घेऊन आत गेली. आमच्या घरात ताईच्या अभ्यासाच्या आड कुणी येत नाही. तिचं नाव ऋता. माझ्याहून थोडीच मोठी, पण घरात तिचा मान आजीबाईसारखा. बारावी आणि मेडिकलची परीक्षा, दोन्ही एकदम. सकाळी शाळा, दुपारी दुर्गाकुंडला कोचिंग, रविवारी टेस्ट.

आणि मी विश्वेश. शाळा सोडलेला. फिजिक्सचे सर अख्ख्या वर्गासमोर म्हणाले, “ऋता का भाई और ये हाल?” मी बेंच उलटा केला. प्रिन्सिपल म्हणाले माफी माग. अजून मागितलेली नाही.

आम्ही गंगेकाठी दुर्गाघाटावर राहतो. गली इतकी अरुंद की समोरून सांड आला तर आपणच मागं सरायचं. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, आणि छत. छताला चारी बाजूंनी लोखंडी जाळी आहे, माकडांसाठी. मतलब माकडं बाहेर आणि आम्ही पिंजऱ्यात. थंडीत सगळं घर त्या पिंजऱ्यातच ऊन खात बसतं. बाबा महाराष्ट्रातून येणाऱ्या लोकांची धर्मकार्यं करतात, कधी अमृतराव घाटावर, कधी शिंदे घाटावर. मराठी फक्त घरात आणि बाबांच्या यजमानांशी. बाहेर सगळं हिंदी. मी भांडतो हिंदीत आणि रुसतो मराठीत, असं ताई म्हणते.

ते पुस्तक तिचंच होतं. शाळेत पहिली आली म्हणून कुठल्यातरी संस्थेनं म्हणलं, हवी ती पुस्तकं माग. तिनं अख्खा संच मागितला. जाडजाड भाग, हिंदीत, निळं कव्हर. मग कोचिंग सुरू झालं आणि ते सगळे भाग तिच्या पलंगाखाली गेले. मी शाळा सोडल्यावर धूळ झटकून काढले.

गोष्ट नीलकूट नावाच्या विद्यापीठाची आहे. डोंगर कोरून बांधलेलं. खालच्या दारातून हजारभर मुलं आत जातात. मग स्पर्धा. जिंकलं तर एक देहरी, म्हणजे उंबरठा, ओलांडून वरच्या वर्गात, हरलं तर परत. पण प्रत्येक देहरीवर काहीतरी दान द्यावं लागतं. काय द्यायचं ते तुम्ही नाही ठरवायचं. दार मागतं. गोष्टीचा हीरो शौर्यकेतू पहिल्या देहरीवर शीळ घालणं देऊन बसला. त्यानंतर ओठांचा चंबू केला की नुसती हवा. अगदी वर पोचलेले खाली येत नाहीत, आणि वर काय आहे हे कुणालाच माहीत नाही. मला तर शाळेचा तिटकारा, तरी सोडवेना. असली शाळा असती तर मी बेंच उलटा केला नसता.

त्या संध्याकाळी ताई छतावर आली. धुकं उतरायला लागलं होतं. खालून घाटावरच्या भोंग्याचा आवाज येत होता.

“काय झालं पुढं? सांग ना,” ती म्हणाली. “मी तर मे महिन्यापर्यंत हात लावू शकत नाही.”

“मग मेमध्येच वाच. सांगितलं तर मजा जाते.”

ती वेणीचं टोक दातात धरून विचार करत बसली. तिची सवय. मग म्हणाली, “ए, तू माझ्या नावानं वाच ना. बाबा वाचतात तसं.”

हे आमच्याकडचंच सुचणं. पुण्याहून, नाशिकहून लोकांचे फोन येतात, आम्हाला येणं जमत नाही, आमच्या वतीनं पोथी वाचा. बाबा तळहातावर पाणी घेतात, त्या माणसाचं नाव आणि गोत्र म्हणतात, पाणी सोडतात. मग घसा बाबांचा कोरडा पडतो आणि पुण्य पुण्याला जातं.

“मेहनत माझी आणि फळ तुझं?”

“मोठी आहे ना मी. हात पुढं कर.”

तिनं तिच्या स्टीलच्या बाटलीतलं पाणी माझ्या तळहातावर ओतलं आणि बाबांसारखा आवाज काढला. “वासिष्ठ गोत्र, ऋता नाव. हिच्यासाठी नीलकूटाचं समग्र पारायण. सोड पाणी.”

मी सोडलं. जाळीच्या पलीकडं एक माकड आमच्याकडं बघत होतं. ताई त्याला म्हणाली, “तुम्ही साक्षीदार हं.” आम्ही पोट धरून हसलो.

तिनं नियमही घातले. पहिल्या पानापासून. मोठ्यानं. एकही ओळ गाळायची नाही. बाबा गाळत नाहीत.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी पहिला भाग पुन्हा सुरुवातीपासून घेतला. आणि पहिल्याच वर्गाच्या वर्णनात एक वाक्य आलं. खिड़की के पास एक लड़की बैठी थी, चोटी का सिरा दाँतों में दबाए।

ही मुलगी मला आठवत नव्हती. माझी नजर वाईट नाही. नाव पाण्यात असताना नावाड्यानं कुठलं वल्हं बदललंय ते मी घाटावरून सांगतो. पण म्हणलं, पहिल्यांदा घाईत वाचलं असेल.

ताईला संध्याकाळी सांगितलं तर तिनं झटकन वेणी तोंडातून काढली. “लबाडा, तू घातलीस ती मुलगी!”

“आईशप्पथ नाही. हे बघ.”

तिनं ओळीवर बोट फिरवलं. खूश झाली. “मग तिला जिंकव,” म्हणाली.

माझ्या हातात काय होतं? पण ती जिंकली. शौर्यकेतूच्या लढाईची पानंच्या पानं झाली आणि शेवटी एक ओळ होती. खिड़की वाली लड़की ने नमक दिया और देहरी पार कर गई।

दोन-तीन दिवसांनी आईनं वरणात मीठ दोनदा घातलं. मी पहिल्याच घासाला ताट लोटलं. बाबांनी पाणी मागितलं. आई स्वतः चाखून थू थू करत मोरीकडं गेली. ताई जेवत होती. भात कालवला, खाल्ला, आणखी वरण वाढून घेतलं.

“ऋता, अगं खारट नाही लागत?”

“लागतंय ना,” ती म्हणाली. आमच्या तोंडांकडं बघून, जरा उशिरा.

“डोकं परीक्षेत आहे तिचं,” बाबा म्हणाले.

त्याच रविवारी ती टेस्टमध्ये बरीच वर गेली. बाबांनी ठठेरी बाजारातून पेढे आणले. आईनं मला एक पेढा दिला आणि म्हणाली, “बघ, शिक काहीतरी.” मी पेढा माकडाला दिला.

मी वाचत राहिलो. ती खिडकीतली मुलगी आता जास्त दिसायला लागली होती. आधी एखादी ओळ, मग अर्धं पान. शौर्यकेतू तिच्याशी बोलायला बघायचा, ती उत्तर द्यायची नाही. पुढच्या देहरीवर तिनं थंडी दिली.

माघातली सकाळ होती. धुक्यात पलीकडचा किनारा नव्हताच. मी बाबांची पिशवी घेऊन खाली चाललो होतो तर घाटाच्या खालच्या पायरीवर ताई उभी. अनवाणी. पाणी घोट्याच्या वर. हातात अभ्यासाचं पुस्तक. मी कानटोपी घालून कुडकुडत होतो आणि तिच्या कुर्त्याच्या बाह्या कोपरापर्यंत वर. मी जवळ जाऊन तिचा हात बघितला. काटा नव्हता. एक लव उभी नव्हती.

“ताई, वेडी झालीस? आजारी पडशील.”

“इथं शांत आहे,” ती म्हणाली. मग म्हणाली, “काल तू लवकर थांबलास, विशू. दारापर्यंत आणून सोडलंस मला.”

आदल्या दिवशी मी कुठंपर्यंत वाचलं हे मी तिला सांगितलं नव्हतं. ती कोचिंगहून उशिरा आली होती आणि मी झोपलो होतो.

मी वळलो. बाबांची पिशवी जड होती आणि ते हाका मारत होते.

त्यानंतर मी तिला गोष्ट सांगणं बंद केलं. तिनंही विचारलं नाही. वाचणं सोडावं असं मनात यायचं. पण रविवार आला की ती आणखी वर गेलेली असायची, आणि आई-बाबांचे चेहरे असे व्हायचे की मी पुन्हा भाग उघडायचो. मी या घराला आजवर असा चेहरा दिला नव्हता.

मग हिंदी सुरू झालं.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. आमच्याकडं निम्मं तसंही हिंदीच असतं. आई म्हणायची, “ऋता, पानं घे,” आणि ती म्हणायची, “अभी आती हूँ.” आई म्हणाली, “या पिढीचं असंच. मराठी बोलायची लाज वाटते.” मी बघत होतो. ती आधी आईच्या हाताकडं बघायची, मग आम्ही काय करतोय ते बघायची, आणि मग ताट घ्यायला उठायची.

एका दुपारी बाबा जिन्यावरून ओरडले, “ऋता, माझं सोवळं आत घे, माकड आलंय!”

ती दोरीपासून हातभर अंतरावर होती. तिनं बाबांकडं बघितलं आणि हसली. घाटावर दक्षिणेतले यात्रेकरू काही विचारतात आणि आपल्याला कळत नाही, तेव्हा आपण हसतो ना, तसं.

“बाबूजी, हिन्दी में बोलिए न,” ती म्हणाली.

माकडानं सोवळं ओढलं. बाबा हसले, “बाबूजी म्हणे!” पण त्यांचा कठड्यावरचा हात तसाच राहिला, बराच वेळ.

मी आत गेलो आणि पुस्तक उघडलं. सकाळी वाचलेलं पान. अपने घर की बोली दे दी, और हल्की होकर ऊपर चली गई।

मी पुस्तक पलंगाखाली ढकललं. पार भिंतीपर्यंत.

त्या दिवसापासून वाचणं बंद. आणि त्या दिवसापासून ताईही बंद झाली.

तिला ताप नव्हता, काही दुखत नव्हतं. ती वही उघडून बसायची आणि पेन कागदावर टेकवलेलं असायचं. एकाच जागी. शाई पसरून निळा डाग मोठा होत जायचा. आईनं भरवलं तर खायची. उठवलं तर उठायची. डोळे उघडे, पण कुणाची तरी वाट बघत असल्यासारखे. डॉक्टर म्हणाले परीक्षेचं टेंशन, गोळ्या दिल्या. आईनं डोक्याला तेल चोळलं, दृष्ट काढली. रविवारची टेस्ट गेली. तिच्या पुढची गेली.

“तूच काहीतरी बोललास तिला,” आई एक दिवस माझ्यावर उसळली. “जळतोस तू तिच्यावर. पहिल्यापासून.”

माझं डोकं सटकलं. “हो, जळतो! बास?” मी आतल्या खोलीत गेलो, पलंगाखालून पुस्तक ओढलं आणि रागात एक परिच्छेद वाचला. मोठ्यानं. अक्षरशः ओरडून.

बाहेरच्या खोलीतून पेन चालल्याचा आवाज आला.

मी थांबलो. आवाज थांबला.

मी एक वाक्य वाचलं. पेन एका वाक्याइतकं चाललं.

संध्याकाळी बाबा छतावर तांब्याची भांडी घासत बसले होते. चिंच लावून. मी त्यांच्या शेजारी बसलो. मी आपणहून शेजारी बसलो म्हणून ते दचकलेच.

“बाबा, दुसऱ्याच्या नावानं सुरू केलेलं पारायण मधेच सोडलं तर काय होतं?”

“सोडायचं नसतं.”

“पण सोडलंच तर?”

“ज्याचं नाव घेतलंय तो अधांतरी राहतो, असं आमचे गुरुजी म्हणायचे. तुला कशाला पंचायत? शिकायचंय का? उद्यापासून संथा देतो. पहाटे उठावं लागेल मात्र.”

“नाव बदलता येतं?”

बाबांनी ताम्हण उजेडात धरलं. “एकदा बदललं होतं. नाशिकचे दोघं भाऊ. थोरला आजारी. धाकटा म्हणाला, दादाच्या जागी माझं नाव घाला. मग ज्याच्या हातून पहिलं पाणी पडलं होतं, त्याच्याच हातून पुन्हा पाडलं. आणि वाचन पहिल्या पानापासून.”

“मग? बरा झाला थोरला?”

“झाला की.”

“आणि धाकटा?”

बाबांनी ताम्हण पालथं घातलं. “त्यांचा पुन्हा फोन नाही आला.”

दुसऱ्या दिवशी आई मंदिरात गेल्यावर मी बाबांचं पंचपात्र पिशवीत टाकलं. घरातल्या पाण्यानंही झालं असतं कदाचित. पण चुकायला नको म्हणून मला गंगाच हवी होती. ताईचा हात धरला. ती उठली आणि उभी राहिली. पाऊल मात्र टाकेना.

मला कळलं काय करायचं ते. मी पुस्तक उघडलं.

पुढची देहरी येईपर्यंत पान उरलं होतं थोडंच. ती मुलगी एका लांब जिन्यावर होती आणि वर एक दार होतं. मी एक वाक्य वाचलं. ताई जिना उतरली. मी थांबलो की ती थांबायची. गलीत आलो. मी शब्द तोडून तोडून वाचत होतो, जितकं पुरवता येईल तितकं. चहावाला बघत होता. कुणीतरी म्हणालं, “का हो पंडितजी, कथा बाँच रहे हो?” नेहमी मी उलटून बोललो असतो.

वळणावर सांड आडवा उभा होता.

मी हाकललं. तो हलला नाही. मागं एक बाई डोक्यावर टोपली घेऊन आली, ती ताईला ढकलायला लागली. ताई दगडासारखी उभी. “अरे बिटिया, सरको!” बाई ओरडली. तिला बाजूला घ्यायला मला एक वाक्य खर्चावं लागलं. सांड हलल्यावर आणखी एक.

घाटाच्या वरच्या पायरीवर पोचलो तेव्हा पानावर थोड्याच ओळी उरल्या होत्या. ऊन स्वच्छ होतं. खाली पोरं पतंग उडवत होती.

मी वाचलं. द्वार ने उससे वह माँगा जो उसे यहाँ तक लाया था।

ताई पायऱ्या उतरली.

लड़की मुस्कुराई।

ती पाण्यात पाय सोडून बसली. आता एकच ओळ उरली होती आणि मी त्या ओळीवर हात ठेवला. दारापाशी आल्यामुळं असेल, पण या वेळी मी थांबलो तरी ताईचे डोळे जागे राहिले. पुस्तक मिटलं नाही. मिटलं असतं तर ती पुन्हा गेली असती.

मी पंचपात्र भरलं आणि तिच्या हातात दिलं. माझा तळहात पुढं केला.

“पानी डालो,” मी हिंदीत म्हणलं. माझ्या ताईशी हिंदीत. “और जो मैं कहूँ, वो बोलो.”

“अच्छा,” ती म्हणाली. आवाज गोड होता. परक्या माणसाशी बोलतात तसा.

“वासिष्ठ गोत्र.”

“वासिष्ठ गोत्र.”

मग ती थांबली. तिनं माझ्याकडं बघितलं. केस, कपाळ, नाक. मनापासून आठवायचा प्रयत्न करत होती, मला दिसत होतं.

“आपका नाम?” तिनं विचारलं.

मी तिच्या हातातलं पंचपात्र सरळ केलं.

“विश्वेश,” मी म्हणलं.

“विश्वेश,” ती म्हणाली. जीभ त्या नावावर नवीन होती. पाणी माझ्या हातावर पडलं.

मी सोडलं.

बराच वेळ काही झालं नाही. एक पतंग कापला गेला आणि पोरं ओरडली.

मग ताई शिंकली. लागोपाठ शिंकत राहिली. पाय पाण्यातून ओढून घेतले आणि दोन्ही हातांनी धरले. “आई गं! गाढवा, चप्पल कुठंय माझी? आणि मला इथं कशाला आणलंयस? टेस्ट आहे ना आज?”

मी हसत होतो. ती मला मारत होती आणि मी हसत होतो.

पुढचं सगळं वाईटच झालं, घरच्यांच्या हिशोबानं. ताईचा नंबर पार खाली गेला. सुटलेला सिलॅबस बघून ती रडली, मराठीत. आई म्हणाली, परीक्षेच्या तोंडावर हे काय. मला कुणी काही म्हणलं नाही, तर मलाच चुकल्यासारखं झालं. परवा आमटी अळणी झाली म्हणून ताई आणि आई जोरात भांडल्या. मी दाराआड उभा राहून सगळं भांडण ऐकलं.

आणि मी वाचायला घेतलं. पहिल्या पानापासून, मोठ्यानं. सोडायचं नसतं. मी अधांतरी राहिलो तर त्यातून तिला पुन्हा काही होईल का, ते बाबांना विचारायची हिंमत नाही.

पहिल्या वर्गात खिडकीपाशी आता कुणी नाही. खिडकीच बंद आहे. दाराजवळ एक मुलगा उभा आहे, ज्याला बेंच मिळालेला नाही. उसकी आँखें तेज़ थीं और मिज़ाज उससे भी तेज़। मी हसलो वाचून. खरं तर थोडा आवडलासुद्धा.

पहिली देहरी त्यानं ओलांडली आहे. काय दिलं ते लिहिलेलं नाही. एवढंच आहे की दारानं मागितलं आणि त्यानं लगेच दिलं, आणि पुढच्या वर्गात शिरताना त्याला वाटलं की आपल्याकडून काहीच घेतलं नाही.

म्हणून मी तपासून बघतोय. मीठ चाखलं, खारट आहे. हात गार पाण्यात घातला, काटा आला. शीळ येते. मराठी येते. म्हणूनच हे मोबाइलवर मराठीत लिहितोय, सकाळपासून, छतावर बसून. येतंय सगळं. काही गेलेलं नाही.

मधे थांबून दुसऱ्या देहरीपर्यंत वाचलं. आता बोटानं वर सरकवत हे लिहिलेलं पुन्हा बघितलं. ठीक आहे. शुद्धलेखन सोडलं तर ठीक आहे. यात एक ताई आहे. सगळीकडं ताई, ताई. चांगली वाटते.

आत्ता एक मुलगी वर आली. बाबांच्या यजमानांपैकी असेल, पुण्याकडची, मराठी छान बोलते. तिनं माझ्याशेजारी चहा ठेवला आणि विचारलं, “कुठंपर्यंत आलास रे?” मी म्हणलं, “दुसऱ्या दारापाशी.” ती हसली नाही. माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, “विशू, माझ्याकडं बघ.”

मी बघितलं. मग तिला बरं वाटावं म्हणून नमस्कार केला.

ती रडत खाली गेलीय आणि आता खालून सगळे एकदम बोलतायत. कुणीतरी जिना चढतंय. पण वरच्या वर्गाची वेळ झाली. मला आता निघायला हवं.